डायव्हर्शन हासुद्धा रस्ताच आहे



गणपती जवळ आले की मोटारसायकलने कोकणात निघणाऱ्यांना घरच्यांपासून पोलिसांपर्यंत सगळे एकच सल्ला देतात : एवढ्या लांब दुचाकीवर कशाला, रेल्वेने जा. सल्ला काळजीपोटी दिलेला असतो हे मान्य. पण त्यातून असा समज पक्का होतो की मुंबई-गोवा महामार्गावर दुचाकीस्वार पडला तर चूक त्याची, कारण तो तिथे असायलाच नको होता. या समजाला माझा विरोध आहे.

कोकण रेल्वेचे गणपतीतले आरक्षण सुरू होताच भरते. मिळाले तरी स्टेशनापासून वाडी वीस-पंचवीस किलोमीटर आत असते आणि शेवटची एसटी निघून गेलेली असते. विरार, कळवा, डोंबिवलीहून निघणारा वायरमन किंवा दुकानातला नोकर चार दिवसांची रजा काढून येतो. त्याची गाडी त्याला उंबरठ्यापर्यंत नेते, गावात बाजारहाटालाही तीच उपयोगी पडते. हा प्रवास हौसेचा नाही.

आता रस्त्याविषयी. घाटाची वळणे अवघड असतात असे रस्ता न पाहिलेले लोक म्हणतात. कशेडी किंवा परशुराम घाटातले वळण समोर दिसते, तिथे माणूस आपोआप वेग कमी करतो. खरी परीक्षा चिपळूण मागे पडल्यावर आहे. आरवली ते कांटे आणि कांटे ते वाकेड, म्हणजे संगमेश्वर, बावनदी, निवळी, हातखंबा, पाली करत लांज्यापर्यंतचा सुमारे ९० किलोमीटरचा पट्टा. चौपदरीकरणाची सर्वांत रेंगाळलेली कामे इथलीच. इथे सपाट काँक्रीट लागते, गाडी साठ-सत्तरवर स्थिरावते, आणि काँक्रीट एकाएकी संपते. पुढे जुन्या डांबराचा तुकडा, मग मातीचे डायव्हर्शन, मग पुन्हा काँक्रीट. नवा थर जुन्या रस्त्याहून वीतभर उंच असतो आणि कडेला उतार केलेला नसतो. चारचाकीला तिथे दणका बसतो. मोटारसायकलचे पुढचे चाक मात्र त्या कडेला तिरके घासले की हँडल हातातून निसटते. डायव्हर्शनच्या वळणावर सुटी खडी आणि जांभ्याची लाल चिखलट माती पसरलेली. पावसात, समोरून ट्रकचे दिवे डोळ्यांवर आणि मागे सामान बांधून बायको बसलेली असताना तिथे ब्रेक दाबताही येत नाही, गाडी कलवताही येत नाही. मी दरवर्षी राजापूरला याच रस्त्याने जातो. रात्रीच्या वेळी काँक्रीट संपल्याचे सांगणारा फलक बहुतेक ठिकाणी दिसला तर ऐन तोंडावर दिसतो; कुठे नुसते मातीने भरलेले पिंप, कुठे चुना मारलेले दगड.

काम चालू असलेल्या रस्त्यावर वाहतूक कशी सांभाळायची याचे नियम आपल्याकडे नाहीत, असे कोणी समजू नये. इंडियन रोड्स काँग्रेसची ‘एसपी ५५’ ही मार्गदर्शिका नेमकी याचसाठी आहे. प्रत्यक्ष कामाच्या आधी इशाऱ्याचा टप्पा, मग वाहन सावकाश दुसऱ्या मार्गिकेत नेणारा टप्पा, रात्री चमकणारे फलक, अडथळ्यांची आखणी, सगळे तिच्यात आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली कलम १९८-अ आले. रस्त्याच्या आखणीत, बांधणीत किंवा देखभालीत मानके न पाळल्यामुळे कोणी मेले अथवा अपंग झाले, तर जबाबदार यंत्रणेला, कंत्राटदाराला किंवा सल्लागाराला दंड होऊ शकतो. पण दंडाची कमाल मर्यादा एक लाख रुपये, आणि तीही माणूस गेल्यावर किंवा जायबंदी झाल्यावर. कोट्यवधींच्या कंत्राटात ही रक्कम कोणाला रात्री जागे ठेवणार?

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली आणि त्यांत सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची होती. तरीही रस्ता ‘सुरू’ आहे की नाही हे आपण मोटार आणि बस जाते का, यावरच ठरवतो. सणाआधीची खड्डे बुजवण्याची मोहीम पाहा. खड्ड्यात खडी टाकून वर पातळ डांबर फिरवतात. दोन सरींत खडी सुटते, रस्ताभर पसरते. मोटारवाल्याचा खड्डा गेला, आमच्यासाठी मात्र दिसणाऱ्या खड्ड्याच्या जागी न दिसणारी घसरण आली.

कोकणात पाऊस फार, जमीन ताब्यात येत नाही, कंत्राटदार बदलले, ही कारणे मी नाकारत नाही. याच महामार्गाच्या पनवेल ते इंदापूर टप्प्याचे काम २०११ मध्ये सुरू झाले, तेव्हापासून ती ऐकतो आहे. पण महाडजवळचा सावित्री नदीवरचा पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री वाहून गेला आणि जून २०१७ मध्ये नवा पूल खुला झाला, तोही याच कोकणात. पूर्ण रस्ता व्हायला वेळ लागेल, लागू द्या. काँक्रीटच्या कडेला उतार करायला, वळणावरची खडी रोज संध्याकाळी झाडायला आणि दोनशे मीटर आधी चमकता फलक लावायला ना भूसंपादन लागते, ना पाऊस थांबावा लागतो.

म्हणून मागणी एवढीच. डायव्हर्शनची देखभाल हे कंत्राटातले वेगळे, मोजता येणारे काम असावे आणि ते न झाल्यास अपघाताची वाट न पाहता दर दिवसाला पैसे कापले जावेत. तपासणी अधिकाऱ्यांनी एकदा तरी अंधार पडल्यावर दुचाकीवरून करावी. आणि आपल्या वृत्तपत्राने यंदा खड्ड्यांच्या छायाचित्रांबरोबर आरवली ते वाकेडमधल्या प्रत्येक डायव्हर्शनची स्थिती, तिथला फलक आणि त्या टप्प्याला जबाबदार असलेल्या अभियंत्याचे पद हे सणाआधी छापावे, अशी विनंती आहे.

— एक वाचक, डोंबिवली (मूळ गाव राजापूर तालुका)