पोरांचं पोट आणि अर्धवट गोळ्या



उसाचं पान पिवळं पडलं की लगेच पंप पाठीवर घेऊ नका, आधी बेट उपटून मूळ पाहा, असे आम्ही दर हंगामात सांगतो. पिवळेपणा लोहाच्या कमतरतेने येतो, पाणी साचल्याने येतो, हुमणीनेही येतो. उपाय मात्र प्रत्येकाचा निराळा. लेकराच्या पोटदुखीलाही हाच नियम लावावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

गटांत फिरताना ऐकू येते ते असे : पोराचं पोट सारखं दुखतं, शाळा बुडते. कोणीतरी रक्त तपासून "पोटात जंतू आहे" असे सांगतो. गोळ्या सुरू होतात. चार दिवसांत बरं वाटलं की उरलेल्या गोळ्या फडताळात! ही रीत आम्हांस घातक वाटते.

जंतू खोटा नाही. त्याचे नाव हेलिकोबॅक्टर पायलोरी. पर्थ येथील बॅरी मार्शल व रॉबिन वॉरन या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी तो १९८२ साली जठरातून काढून वाढविला. अल्सर केवळ तिखटाने अन् काळजीने होतो, हा समज त्यामुळे मोडला. २००५ साली दोघांस नोबेल पारितोषिक मिळाले. हा जंतू बहुधा लहानपणीच, घरच्याच माणसांकडून पोटात शिरतो.

पण जंतू आहे म्हणून दुखणं त्याचंच, असे नव्हे. बहुतेकांच्या पोटात तो मुकाट राहतो. ब्रिटनमध्ये १९५८ साली जॉन ॲपली यांनी शाळकरी मुले तपासली, तेव्हा दर दहांत सुमारे एकाचे पोट वारंवार दुखत होते. अशा थोड्याच मुलांत शरीराचा रोग सापडतो. बद्धकोष्ठ, जंत, शाळेची धास्ती अशीही कारणे असतात. म्हणून पोरगं सोंग करतंय असे म्हणू नये. दुखणं खरंच असतं.

युरोप-अमेरिकेतील बालपोटविकार तज्ज्ञ सांगतात की, साध्या पोटदुखीत मुलांची या जंतूसाठी तपासणी करू नये. रक्ताच्या तपासणीवर तर औषध ठरवूच नये. खरे निदान दुर्बिणीने जठराचा नमुना घेऊन होते. औषध ठरलेच, तर दोन प्रतिजैविके व आम्ल कमी करणारी गोळी, साधारण १४ दिवस, एकही दिवस न चुकवता. अर्धवट सोडल्यास उरलेला जंतू औषधाला दाद देईनासा होतो.

मात्र दुखण्याने रात्री झोपमोड होणे, वजन घटणे, वाढ खुंटणे, सारखी उलटी किंवा ताप, उलटीत रक्त, डांबरासारखी काळी शी, बेंबीपासून दूर एकाच जागी दुखणे, यांपैकी काहीही दिसल्यास बालरोगतज्ज्ञांकडे नेण्यास उशीर नको.

शेवटी एक आग्रहाची विनंती. दाटी अन् अस्वच्छता असेल तिथे हा जंतू फोफावतो. आपल्या फडात उतरणाऱ्या टोळीची लेकरंही आपलीच आहेत. त्यांच्या कोप्यांजवळ शुद्ध पाणी, साबण व संडासाची सोय करणे हे उसाच्या मालकाचे आणि कारखान्याचे, दोघांचेही काम आहे. येत्या गट सभेत प्रत्येक सभासदाने हा विषय काढावा.