हिटलरच्या डायऱ्या पुस्तकात, राईनपाडा आपल्या जिल्ह्यात

२०१८च्या जूनमध्ये महाराष्ट्रातल्या दहावीच्या मुलांच्या हाती इतिहासाचं नवं पुस्तक आलं. त्यात ‘प्रसारमाध्यमे आणि इतिहास’ असा स्वतंत्र पाठ आहे. माध्यमांतून आलेली माहिती जशीच्या तशी मानू नका, हे त्यात सांगितलंय. उदाहरण जर्मनीतल्या ‘स्टर्न’ साप्ताहिकाचं आहे. हिटलरच्या म्हणून गाजलेल्या डायऱ्या पुढे बनावट निघाल्या, ती गोष्ट.

पुस्तक येऊन थोडेच दिवस झाले होते. १ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाड्याचा आठवडी बाजार होता. मंगळवेढ्याकडून आलेल्या, भिक्षा मागून पोट भरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारलं. मुलं पळवणारी टोळी आलीय, अशी अफवा मोबाईलवरून पसरली होती. त्याच रात्री मालेगावात दोन वर्षांच्या मुलासह पाच जणांना पोलिसांनी जमावाच्या हातून कसंबसं सोडवलं. मालेगावचं नाव मुद्दाम घेतोय. अफवेचा मार नेहमी आपल्यालाच बसतो, असं आपण म्हणतो. ते पुष्कळदा खरंही असतं. पण आपल्या मोहल्ल्यातही ती तेवढ्याच वेगाने फिरते.

त्या दिवसांत देशभर फिरलेला एक व्हिडिओ आठवून पाहा. मोटारसायकलवरचे दोघे येतात, खेळणाऱ्या मुलाला उचलतात आणि निघून जातात. मुळात ती कराचीतल्या एका संस्थेने मुलांच्या सुरक्षेसाठी केलेली जाहिरात होती. शेवटी ते दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि हातातला फलक दाखवतात. कुणीतरी नेमका तेवढाच शेवट कापला. त्याच जुलैत व्हॉट्सअॅपने भारतात एका वेळी पाचच जणांना फॉरवर्ड करण्याची मर्यादा जाहीर केली. मर्यादेने वेग कमी होतो, समज वाढत नाही.

ती वाढवायची कोणी? आमच्या मते इतिहास आणि समाजशास्त्र शिकवणाऱ्या शिक्षकांनी. म्हणूनच त्यांच्या प्रशिक्षणाकडे बघायला हवं. बी.एड. दोन वर्षांचं झालं, तेव्हा राष्ट्रीय आराखड्यात माहिती तंत्रज्ञानाकडे चिकित्सकपणे पाहण्याचा विषयही आला. प्रत्यक्षात आमच्या पाहण्यात आलं ते वेगळंच: पीपीटी बनवा, गुगल फॉर्म भरा, प्रात्यक्षिकाची फाईल जमा करा. मशीन चालवता आलं, समोर आलेल्या खबरीचं काय करायचं ते राहूनच गेलं.

गंमत म्हणजे लागणारं हत्यार या छात्राध्यापकांकडे आधीच असतं. इतिहासाच्या साधनांची बाह्य आणि अंतर्गत चिकित्सा ते परीक्षेसाठी पाठ करतात. कागद कुणाचा, कधीचा, मूळ की नक्कल? लिहिणाऱ्याला हे कळायचा मार्ग काय होता, त्याचा फायदा कशात? हेच प्रश्न ताम्रपटाऐवजी फॉरवर्डला विचारायचे. आपल्याकडे तर हदीसच्या अभ्यासात इस्नादची परंपरा आहे. कोणी कोणाकडून ऐकलं, ही साखळी तपासल्याशिवाय रिवायत स्वीकारत नाहीत. फॉरवर्डला साखळीच नसते, पाठवणारा तेवढा ओळखीचा असतो, आणि गडबड तिथेच होते.

सराव पाठ कसा घेता येईल? कराचीचा व्हिडिओ आधी कापलेला दाखवावा आणि मुलांना काय दिसलं ते लिहायला सांगावं. फक्त दिसलेलं, वाटलेलं नाही. बहुतेक जण ‘टोळी’ लिहितील. पडद्यावर टोळी नाही, दोन माणसं आणि एक मूल आहे. मग पूर्ण व्हिडिओ दाखवावा. निरीक्षण आणि अनुमान यांतला फरक व्याख्या न सांगता कळतो. असा पाठ घेण्याआधी छात्राध्यापकाला स्वतः तो फरक करावा लागेल, खरं शिक्षण तिथे आहे.

हे अवघड नाही. केरळातल्या कन्नूरमध्ये २०१८मध्येच जिल्हाधिकारी मीर मोहम्मद अली यांनी सुमारे १५० सरकारी शाळांत खोट्या बातम्या ओळखण्याचे तास सुरू केले. गोवर-रुबेला लसीबद्दलच्या अफवांनी पालक लस नाकारू लागले होते, तो अनुभव त्यामागे होता.

जळगाव, धुळे, नंदुरबार ही तिन्ही कवयित्री बहिणाबाई चौधरी विद्यापीठाच्या कक्षेत येतात. विद्यापीठाने अभ्यासक्रम बदलायची वाट पाहायची गरज नाही. आपल्या समाजाच्या संस्थांनी आंतरवासितेच्या पाठांपैकी दोन पाठ यासाठी राखून ठेवले तरी सुरुवात होईल. आपल्या घरातल्या कितीतरी मुली डी.एल.एड. आणि बी.एड. करताहेत. त्यांच्या पाठ टाचणाच्या वहीत असा एखादा पाठ आहे का, आज घरी विचारून बघा. नसेल, तर पुढच्या पालकसभेत प्राचार्यांना विचारा.