सरांना ‘नाही’ कसं म्हणायचं?

अमक्या प्राध्यापकांचा प्रबंध उचलेगिरीचा निघाला, तमक्या शास्त्रज्ञाला शोधनिबंध मागे घ्यावा लागला, अशा बातम्या अधूनमधून येत असतात. आतल्या पानावर, चार ओळींत. आपण त्या वाचतो न वाचतो आणि पान उलटतो. शिकलेल्या लोकांच्या भानगडी, आपल्याला काय त्याचं? पण दक्षिण कोरियात अशी एक भानगड झाली होती, जिची किंमत शंभराहून जास्त बायकांनी स्वतःच्या शरीराने मोजली. त्याला आता वीसेक वर्षं झाली. तरीही ती आज सांगायला हवी, कारण आपल्या तालुक्याच्या गावांतल्या मुलीही आता एम.एस्सी. करून पीएच.डी.ला जाऊ लागल्या आहेत. रात्री उशिरापर्यंत लॅबमध्ये थांबणाऱ्या या मुलींच्या आया, मावश्या, वहिन्या आपणच तर आहोत!

देशाचा लाडका शास्त्रज्ञ

ह्वांग वू-सुक हे सोल राष्ट्रीय विद्यापीठातले पशुवैद्यकाचे प्राध्यापक. गरिबीतून वर आलेले. फेब्रुवारी २००४ मध्ये त्यांनी ‘सायन्स’ या अमेरिकेच्या नामांकित नियतकालिकात जाहीर केलं, की आम्ही क्लोनिंगने मानवी भ्रूण तयार करून त्यातून स्टेम सेल, म्हणजे मूळ पेशी मिळवल्या. याची रीत अशी, की स्त्रीबीजातलं केंद्रक काढून टाकायचं, त्या जागी दुसऱ्या पेशीचं केंद्रक घालायचं आणि ते बीज वाढवायचं. मे २००५ मध्ये त्यांनी पुढचा दावा केला. आता रुग्णांच्याच पेशी वापरून अशा ११ पेशीमालिका तयार झाल्या आहेत, म्हणाले. म्हणजे मणक्याला मार लागून अंथरुणाला खिळलेला माणूस उद्या स्वतःच्याच पेशींनी बरा होणार!

कोरिया अक्षरशः वेडा झाला. व्हीलचेअरवरचा माणूस उठून चालू लागतो, असं चित्र असलेलं टपाल तिकीट निघालं. सरकारने त्यांना ‘सर्वोच्च शास्त्रज्ञ’ हा किताब दिला. घरात कुणी दुखणाईत असलेल्या प्रत्येकाला ते देवासारखे वाटू लागले. त्या आशेला हसण्याचं कारण नाही. आपणही तेच केलं असतं.

बीजं आली कुठून?

या सगळ्यात एक साधा प्रश्न मागे पडला. इतकी स्त्रीबीजं आणली कुठून? टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारांतून गेलेल्या एखाद्या मैत्रिणीला विचारा, बीज काढणं म्हणजे काय असतं ते. रोज इंजेक्शनं, सोनोग्राफी, मग भूल देऊन सुईने बीजं काढणं. कधी पोट फुगतं, पोटात पाणी होतं, क्वचित जिवावरही बेततं. मूल हवं म्हणून बाई हे सोसते. इथे तर मूलही मिळणार नव्हतं.

२००४ च्या निबंधात लिहिलं होतं, की १६ स्त्रियांनी २४२ बीजं स्वखुशीने, पैसे न घेता दिली. चौकशीत वेगळंच निघालं. २००२ ते २००५ या काळात शंभराहून अधिक स्त्रियांकडून दोन हजारांहून जास्त बीजं घेतली गेली होती. त्यातल्या काहींना पैसे दिले होते. आणि देणाऱ्यांमध्ये ह्वांग यांच्याच लॅबमधल्या दोन कनिष्ठ संशोधक मुली होत्या.

मार्च २००३ मध्ये लॅबमधल्या बायकांना ‘मी स्वखुशीने बीजदान करेन’ असे फॉर्म वाटून त्यांच्या सह्या घेतल्या होत्या. एका विद्यार्थिनीला तर खुद्द ह्वांगच हॉस्पिटलात घेऊन गेले. आता सांगा, जो माणूस तुमचा प्रबंध मंजूर करणार, शिफारसपत्र देणार, नोकरी लावणार, त्याच्यासमोर ‘स्वखुशी’ कितीशी उरते? हात धरून जबरदस्ती कुणीच केली नसेल. पण बाईला ‘नाही’ म्हणता येऊ नये यासाठी जबरदस्तीच करावी लागते असं थोडंच आहे?

मे २००४ मध्येच ‘नेचर’ या नियतकालिकाने हा विषय काढला होता. एका विद्यार्थिनीने आपण बीज दिल्याचं आधी सांगितलं, आणि मग माझं इंग्रजी कच्चं आहे, गैरसमज झाला, असं म्हणून शब्द फिरवला. तिच्या जागी आपली लेक असती तर तीही असंच बोलली नसती का?

खोटं बाहेर कसं आलं?

पहिला बोलला तो त्याच लॅबमध्ये काम केलेला तरुण डॉक्टर, र्यू यंग-जून. २००४ च्या निबंधावर त्याचंही नाव होतं. एका दहा वर्षांच्या लुळ्या पडलेल्या मुलावर या पेशींचा प्रयोग करायचा बेत आहे, हे कळल्यावर त्याला राहवेना. २००५ च्या जूनमध्ये त्याने एमबीसी या वाहिनीच्या पत्रकारांना गाठलं.

२२ नोव्हेंबर २००५ रोजी बीजांबद्दलचा कार्यक्रम दाखवला गेला, आणि लोक खवळले. ह्वांग यांच्यावर नव्हे, वाहिनीवर! जाहिरातदारांनी पाठ फिरवली, मेणबत्त्या घेऊन मोर्चे निघाले, हजाराहून जास्त बायकांनी आम्ही आमची बीजं देतो म्हणून नावं नोंदवली. पत्रकारांनीही माहिती काढताना संशोधकांवर दडपण आणलं होतं. त्याबद्दल वाहिनीला माफी मागावी लागली. आणि र्यू? त्याची हॉस्पिटलची नोकरी गेली. बायको आणि तान्ह्या मुलीला घेऊन तो काही महिने लपून राहिला.

पण डिसेंबरात काही तरुण कोरियन शास्त्रज्ञांनी छापलेले फोटो बारकाईने तपासले. वेगवेगळ्या पेशींचे म्हणून दिलेले फोटो एकच होते! मग मात्र विद्यापीठाला हलावं लागलं. चौकशी समितीने मूळ नोंदी ताब्यात घेतल्या, पेशींची डीएनए तपासणी केली, आणि १० जानेवारी २००६ रोजी अहवाल जाहीर केला. २००५ च्या ११ पेशीमालिकांपैकी रुग्णाच्या पेशींपासून बनलेली एकही नव्हती. २००४ चा दावाही खोटा. दोन दिवसांत ‘सायन्स’ने दोन्ही निबंध मागे घेतले. जगातला पहिला क्लोन केलेला कुत्रा, ‘स्नपी’, तेवढा खरा निघाला.

मार्च २००६ मध्ये ह्वांग बडतर्फ झाले. २००९ मध्ये न्यायालयाने त्यांना निधीचा अपहार आणि जैवनीती कायद्याचा भंग यांसाठी दोषी धरलं. शिक्षा मात्र स्थगित ठेवली. प्रत्यक्ष तुरुंगवास नाहीच.

यातून काय घ्यायचं?

विद्यापीठाने एक गोष्ट चांगली केली. एकदा चौकशी हातात घेतल्यावर महिनाभरात ती पुरी केली आणि देशाचा लाडका माणूस असूनही अहवाल लपवला नाही. पण ‘नेचर’ने शंका काढल्यापासून या चौकशीपर्यंत दीड वर्ष गेलं. त्या दीड वर्षात आणखी बायकांच्या शरीरातून बीजं निघत होती. चौकशी उशिरा होणं म्हणजे नुसता कागदी घोळ नसतो, हे इथे दिसतं.

दुसरं म्हणजे, खोटे आकडे आणि विद्यार्थिनींवरचं दडपण ही दोन वेगळी पापं नव्हेत. जिथे सरांना प्रश्न विचारता येत नाही, तिथे दोन्ही एकाच मातीत उगवतात.

आपल्याकडे काय आहे? विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये उचलेगिरीविरुद्ध नियम केले. प्रबंधातला १० टक्क्यांपर्यंतचा सारखेपणा माफ, ६० टक्क्यांच्या वर गेला तर नोंदणीच रद्द. तक्रारीसाठी विभागात आणि संस्थेत समित्याही आहेत. हे चांगलंच झालं. पण हे नियम शब्दांच्या चोरीचे आहेत. प्रयोग न करताच आकडे लिहिले, फोटो बदलला, तर सॉफ्टवेअरला काय कळणार? ते कळतं फक्त शेजारच्या टेबलावर काम करणाऱ्या मुलीला. बीजदानाबाबत २०२१ चा कायदा स्पष्ट आहे. बीजदात्रीचं वय २३ ते ३५, आयुष्यात एकदाच, सातपेक्षा जास्त बीजं नाहीत, आणि तिचा विमा हवा. वैद्यकीय संशोधनाच्या २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांतही विद्यार्थी आणि हाताखालचे कर्मचारी यांना दबावाखाली येऊ शकणारे मानून त्यांची खास काळजी घ्यायला सांगितलंय.

कायदे आहेत, पण ते मुलीला माहीत हवेत. म्हणून घरातली लेक संशोधनाला निघाली की डब्याबरोबर चार गोष्टी सांगाव्यात. लॅबची वही रोजच्या रोज, तारखेनिशी लिही. मूळ आकडे आणि फोटो जपून ठेव. न वाचता कशावरही सही करू नकोस, ‘सगळ्यांनीच केली आहे’ म्हणून तर नाहीच. आणि आपण सहभागी असलेल्या प्रयोगातून कधीही बाहेर पडायचा हक्क आहे, हे लक्षात ठेव. काही खटकलं तर एकटीने भांडू नकोस. बरोबर कुणीतरी घे, तक्रार लेखी दे, तिची प्रत स्वतःकडे ठेव.

पाचवी गोष्ट आपल्यासाठी. तिचा रात्री फोन आला, ‘आई, इथे काहीतरी बरोबर चाललं नाहीये गं,’ तर आपल्या तोंडून पटकन निघतं, ‘जाऊ दे ना, डिग्री पदरात पडू दे आधी.’ ते वाक्य गिळायचं. आधी तिचं सगळं ऐकून घ्यायचं. सरांना ‘नाही’ म्हणायचं बळ तिला नियमांच्या पुस्तकातून थोडं मिळेल, पण घरात कुणीतरी आपल्या बाजूचं आहे या खात्रीतून जास्त मिळेल.