आधी विचारा, मग बांधा

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर अधूनमधून बारीक टाइपात एक जाहीर सूचना छापून येते. अमुक कामाबाबत कोणाच्या हरकती वा सूचना असल्यास त्या इतक्या दिवसांत लेखी सादर कराव्यात, मुदतीनंतर आलेल्यांचा विचार केला जाणार नाही. ती सूचना फारसे कोणी वाचत नाही. मुदत संपते आणि लोकांना विचारल्याची नोंद फायलीत होते. सार्वजनिक कामात जनमत अजमावण्याची आपली रीत बहुतेक वेळा एवढ्यावरच संपते.

खडकीसारख्या ठिकाणी कोट्यवधी रुपयांचे क्रीडा आणि करमणूक केंद्र उभारण्याचा विषय निघाला, तर ही रीत पुरेल का? मला वाटते, मुळीच नाही.

१८१७ च्या लढाईनंतर इथे छावणी वसली, १८६९ साली दारूगोळा कारखाना आला आणि त्याभोवती कामगारांच्या वसाहती वाढल्या. २०११ च्या जनगणनेत छावणीची वस्ती ७० हजारांच्या वर होती. बाजारातून फेरफटका मारला, तर मराठीबरोबर हिंदी, तमिळ, तेलुगूही कानावर पडते. अशा वस्तीची गरज एका मराठी वा इंग्रजी सूचनेतून कशी कळणार? पाळीवर जाणाऱ्या कामगाराला केंद्र किती वाजता उघडते याची काळजी. बायकांना संध्याकाळी परतीच्या वाटेवर दिवे हवेत आणि आत स्वच्छ स्वच्छतागृह. म्हाताऱ्यांना चालायला सपाट जागा आणि टेकायला बाक. मुलांना तर चेंडू मारल्यावर कोणी ओरडणार नाही एवढे मैदान मिळाले तरी पुरे. यांतले कोणीही कार्यालयाच्या आवक विभागात अर्ज द्यायला जाणार नाही. विचारणाऱ्यानेच कारखान्याच्या फाटकाशी, बाजारात, शाळेच्या पालकसभेत गेले पाहिजे.

खडकीत हे अधिक महत्त्वाचे, कारण इथे लोकांच्या वतीने बोलणारेच कमी पडले आहेत. कॅन्टोन्मेंट बोर्डाच्या लोकनियुक्त सदस्यांची मुदत २०२१ साली संपली. ३० एप्रिल २०२३ रोजी देशभरच्या ५७ कॅन्टोन्मेंटांबरोबर इथेही ठरलेली निवडणूक आयत्या वेळी रद्द झाली. मग नागरी वस्ती महापालिकेत विलीन करण्याची चर्चा सुरू झाली. नगरसेवक नसतो, तेव्हा रहिवाशाला थेट विचारण्याची जबाबदारी कमी होत नाही, उलट दुप्पट होते.

आमचे धनराज पिल्ले १९६८ साली याच खडकीत जन्मले. त्यांचे वडील कारखान्याच्या मैदानाची देखभाल करीत. त्या मैदानाच्या धुळीत मोडक्या स्टिकांनी खेळणारा हा मुलगा १९९२ ते २००४ अशी चार ऑलिंपिक खेळला. याचा अर्थ नव्या सोयी नकोत असा नाही. १९७६ च्या माँट्रिअल ऑलिंपिकपासून हॉकी कृत्रिम मैदानावर गेली, तेव्हा आजच्या मुलाला नुसती माती पुरणार नाही. पण ते मैदान मुलांना मोकळे होते, हे विसरू नये. चकचकीत केंद्राच्या दारात पावती फाडणारा बसला आणि मासिक शुल्क कामगाराच्या खिशाला परवडेना, तर उद्याचा धनराज फाटकाबाहेरच राहील.

मी उमेदीची वर्षे बँकेत काढली. कर्ज मागायला येणारा यंत्राच्या किमतीचा कागद ऐटीत पुढे करी. कच्चा माल, वीज, पगार यांसाठी खेळते भांडवल कुठून येणार, असे विचारले की त्याचा चेहरा उतरे. सार्वजनिक इमारतींचेही असेच असते. दारात हत्ती बांधणे सोपे, त्याचा रोजचा खुराक अवघड. पोहण्याच्या तलावाला पाणी, वीज आणि जीवरक्षक लागतात, व्यायामशाळेला दुरुस्ती लागते. म्हणून लोकांना 'काय हवे?' एवढेच विचारणे पुरेसे नाही. त्याची किंमत, वर्षाचा खर्च आणि तो कोणाच्या खिशातून जाणार, हेही सांगून मग विचारले पाहिजे. आकडे समोर ठेवले की लोक शहाणपणाने निवड करतात. घरखर्च चालवणाऱ्या गृहिणीला अंदाजपत्रक शिकवावे लागत नाही.

पोर्तो अलेग्रे या ब्राझीलमधल्या शहराने १९८९ पासून अंदाजपत्रकातली कामे नागरिकांच्या सभांतून ठरवायला सुरुवात केली. पुणे महापालिकेनेही २००६ पासून नागरिकांकडून कामे सुचवून घेतली. पदपथ, दिवे, बाक अशी ती छोटी कामे. बाकासाठी आपले मत घ्यायचे आणि कोट्यवधींच्या इमारतीसाठी मात्र नाही, हा उलटा न्याय झाला. १९६८ साली उभे राहिलेले बालगंधर्व रंगमंदिर पाडून नव्याने बांधण्याचा विषय २०१८ च्या अंदाजपत्रकात आला, तेव्हा नाट्यवर्तुळात वादळ उठले. त्या वादाच्या मुळाशी मला एकच सल दिसला : निर्णय आधी झाला आणि विचारपूस नंतर सुरू झाली. वरातीमागून घोडे नाचवले, तर त्यावर बसणार कोण?

म्हणून खडकीपुरते तरी चार नियम पाळावेत. आराखडा कागदावर उतरण्यापूर्वी विचारावे. खर्चाचा आकडा लपवू नये. जे येणार नाहीत, त्यांच्याकडे आपण जावे. आणि चौथा, सर्वांत दुर्लक्षित नियम : कोणती सूचना घेतली, कोणती नाकारली आणि का, हे बाजारातल्या फलकावर लावावे. नकार मिळाला तरी माणूस समजून घेतो. उत्तरच न मिळणे त्याला झोंबते, आणि पुढच्या वेळी तो गप्प बसतो.

असा गप्प बसलेला गाव हाच सर्वांत महागात पडतो. त्याच्यासाठी बांधलेल्या इमारतीत तो येत नाही, तिथले दिवे फुटले तरी हळहळत नाही. मात्र आपल्या सूचनेवरून झाडाखाली बसवलेला बाक लोक स्वतः पुसून ठेवतात.