थकलेली वर्गणी

गेल्या चैत्रात एके दुपारी आमच्या गावातून निघणाऱ्या एका कविता-त्रैमासिकाचे संपादक घरी आले. महाविद्यालयातून मराठीचे प्राध्यापक म्हणून निवृत्त झालेले हे गृहस्थ. सारे गाव त्यांना ‘सर’ म्हणते, मीही म्हणतो. ते मात्र मला अजून ‘साहेब’ म्हणतात, कारण आमची ओळख बँकेच्या काउंटरच्या दोन बाजूंनी झालेली आहे. हातात कापडी पिशवी होती. पिशवीत तीन वह्या, एक पासबुक आणि रबर लावून ठेवलेली पावतीपुस्तके. पाण्याचा पेला खाली ठेवून ते म्हणाले, “साहेब, हे एकदा बघा. चालवायचे की थांबवायचे, एवढेच सांगा. कविता मला थोडीफार कळते, हे कळत नाही.”

या सदरातून आजवर मी ठेवी, नामनिर्देशन, मृत्युपत्र अशा विषयांवर लिहीत आलो. कवितेविषयी लिहिण्याचा माझा अधिकार नाही, हे मी जाणतो. परंतु नवी कविता छापून वाचकाच्या हाती पडते, तेव्हा तिच्यामागे एक जमाखर्च असतो, आणि तो वाचण्याचा मला थोडा सराव आहे.

अंक चौसष्ट पृष्ठांचा, वर्षातून चार वेळा निघणारा. प्रती ४५०. कागद, छपाई, बांधणी, पाकीट व टपाल मिळून एका प्रतीस सुमारे ८० रुपये पडतात, म्हणजे वर्षाचा खर्च १ लाख ४४ हजार. संपादकास मानधन नाही, कवीसही नाही. ज्याची कविता छापली जाते त्याला अंकाच्या दोन प्रती जातात, तेवढेच. यादीत ४१२ नावे. त्यांपैकी २३६ आजीव वर्गणीदार आणि उरलेले १७६ वार्षिक. वार्षिकांपैकी चालू वर्षाची ३०० रुपये वर्गणी भरलेले केवळ ७१. जाहिराती आणि देणग्या धरून आणखी ४० हजारांची भर. उरलेली ८२ हजारांहून अधिक तूट वहीत कोठेच दाखवलेली नव्हती. ती सरांच्या निवृत्तिवेतनातून भरून निघत होती, आणि घरी वहिनींना याची पूर्ण कल्पना नव्हती.

आजीव वर्गणीची कथा तर मी बँकेतील नव्या मुलांना शिकवावी अशी आहे. १९९१ साली ती ५०० रुपये होती. त्या काळी मुदत ठेवीवर दहा-अकरा टक्के व्याज सहज मिळे. म्हणजे एका सभासदामागे वर्षाला ५५ रुपये, आणि वार्षिक वर्गणी होती ४०. हिशेब बिनचूक होता. आज त्याच पाचशेवर साडेसहा टक्क्यांनी साडेबत्तीस रुपये मिळतात आणि त्या सभासदास वर्षाचे चार अंक पोचवण्यास ३२० रुपये लागतात. तेही मुद्दल शाबूत असेल तर. मुद्दल नव्हते. कागदाचे भाव चढले त्या एका वर्षी ठेव मोडली गेली आणि ती पुन्हा झाली नाही. ‘आजीव’ या शब्दाचा अर्थ सभासदाचे आयुष्य की मासिकाचे, हे पावतीवर लिहिलेले नसते.

टपालाचेही तसेच. १८९८ च्या टपाल कायद्यात वृत्तपत्रास मिळणाऱ्या सवलतीच्या दरासाठी दोन अटी होत्या. एक, दोन अंकांमधील अंतर एकतीस दिवसांपेक्षा अधिक नसावे. दुसरी, वर्गणीदारांची खरीखुरी यादी असावी. शिवाय मजकूरही मुख्यत्वे बातम्यांचा किंवा चालू घडामोडींचा हवा. तीन महिन्यांनी निघणारे कवितेचे पुस्तक या व्याख्येत कसे बसणार? कायदा करणाऱ्यांचाही दोष नाही. कविता ही चालू घडामोड आहे, असे त्यांना वाटले नसावे.

यादी तपासताना थकबाकीदारांच्या रकान्यात मी खाली खाली येत होतो. एकूण थकबाकी ९१,२०० रुपये, नावे १०५. बँकेत हप्ता नव्वद दिवस थकला की खाते अनुत्पादक ठरते. या यादीतील बहुतेकांना ती मुदत उलटून वर्षे लोटली होती. आणि मग माझेच नाव आले. सहा वर्षे, १८०० रुपये.

सर समोरच बसले होते. मी मान वर करीपर्यंत ते खिडकीबाहेर पाहू लागले होते. या सहा वर्षांत एकही अंक मला मिळाला नाही असे झाले नाही. मीच तो कधी उघडला, कधी पाकिटासह रद्दीत दिला. वर्गणी संपल्याची चिठ्ठी दर वर्षी अंकात असे, ती मी खूण म्हणून दुसऱ्या पुस्तकांत घालीत असे. मी विचारले, “सर, नाव का नाही कापले?” ते म्हणाले, “वाचक कापायचा नसतो, साहेब. तो आज ना उद्या उघडतो.”

मराठी कवितेचा गेल्या सत्तर वर्षांचा इतिहास अशाच तोट्याच्या वह्यांत लिहिला गेला आहे, ही गोष्ट त्या दिवसानंतर मी थोडे वाचले तेव्हा ध्यानी आली. ‘सत्यकथा’ हे मौजेचे मासिक तेव्हा साहित्याचे मानाचे घर होते. त्या घरी सर्वांना प्रवेश नव्हता, किंवा आपल्याला नाही असे अनेक तरुणांना वाटे. १९५० च्या दशकाच्या मध्यास मुंबईत अरुण कोलटकर, दिलीप चित्रे, रमेश समर्थ आदींनी ‘शब्द’ हे नियतकालिक सायक्लोस्टाइल करून काढले. चित्रे तेव्हा विशीतही पोचले नव्हते. पुढे साठच्या दशकात अशोक शहाणे यांचे ‘असो’, भालचंद्र नेमाडे यांचे ‘वाचा’, राजा ढाले यांचे ‘येरू’ अशी किती तरी नावे झाली. त्यांना लोक लघुनियतकालिके म्हणत आणि थट्टेने अनियतकालिके, कारण पुढचा अंक केव्हा निघेल हे संपादकासही ठाऊक नसे. बहुतेकांचे आयुष्य थोड्या अंकांचे. औरंगाबादहून गंगाधर पानतावणे यांनी चालवलेले ‘अस्मितादर्श’ मात्र टिकले आणि दलित लेखकांच्या पिढ्यांना त्याने हक्काची जागा दिली. कोलटकरांची ‘जेजुरी’ ही इंग्रजी काव्यमालादेखील प्रथम १९७४ मध्ये मुंबईच्या एका छोट्या त्रैमासिकातच छापली गेली. पुस्तक १९७६ मध्ये आले आणि १९७७ मध्ये त्याला राष्ट्रकुल काव्य पुरस्कार मिळाला. त्या त्रैमासिकाचा तो अंक त्या वर्षी किती जणांनी पाकिटातून बाहेर काढला असेल, असा प्रश्न आता माझ्या मनात येतो.

या सर्वांत मला अधिक जवळचे वाटते ते धुळ्याचे ‘कवितारती’. कवी आणि मराठीचे अध्यापक पुरुषोत्तम पाटील यांनी १९८५ मध्ये ते सुरू केले. केवळ कविता आणि कवितेविषयीचे लेखन, तेही मुंबई-पुण्यापासून दूर, खानदेशातून. पाटील २०१७ मध्ये निवर्तले. मध्यंतरीची तीन दशके दर दोन महिन्यांनी अंक सिद्ध करणे, प्रुफे तपासणे, पत्ते लिहिणे, हे काम कवितेच्या प्रेमाने होते असे आपण म्हणून मोकळे होतो. माझ्या मते ते शिस्तीने होते. प्रेम प्रारंभीच्या दोन अंकांना पुरते.

आमच्या सरांकडे कविता येण्याचे मार्ग बदलले आहेत. पूर्वी कवी स्वतःचा पत्ता लिहिलेले, तिकीट लावलेले पाकीट जोडत. आता मोबाइलवर येतात, रात्री अकरालाही येतात. सर प्रत्येक कविता कागदावर उतरवून घेतात आणि एकदा मोठ्याने वाचतात. नकार असला तरी दोन ओळी लिहून कळवतात. एका अंकासाठी दोनशेच्या आसपास कविता येतात, तीस-पस्तीस घेतल्या जातात. येथे एक कटू गोष्ट नोंदवतो. कविता पाठवणाऱ्यांची नावे मी वर्गणीदारांच्या यादीशी ताडून पाहिली. शंभरांत दहासुद्धा वर्गणीदार नव्हते. आपली कविता इतरांनी वाचावी, पण इतरांची आपण विकत घेऊन वाचू नये, असा हा व्यवहार आहे. मी हे बोललो तेव्हा सर हसले आणि म्हणाले, “तुम्ही कविता पाठवत नाही, हे तुमचे उपकार.” मी गप्प बसलो. १८०० रुपये थकवलेल्या माणसाने यापेक्षा अधिक बोलू नये.

त्या रात्री मी साठलेल्या अंकांपैकी जे घरात होते ते काढले. पुष्कळ कविता मला कळल्या नाहीत, काही कळूनही आवडल्या नाहीत. एका अंकात औषधाच्या दुकानात काम करणाऱ्या एका तरुणाची छोटी कविता होती. वडील गेल्यावर काही महिन्यांनी मुलगा त्यांचे पासबुक भरून आणतो. शेवटी काढलेल्या पैशांची नोंद आजारपणातली आहे, तिच्या खाली सहामाही व्याजाची एक नोंद आहे आणि तिची तारीख वडिलांच्या मृत्यूनंतरची आहे. एवढाच विषय. मुलगा ती रक्कम काढीत नाही, कारण वडिलांनी गेल्यानंतर कमावलेले ते पैसे आहेत, असे त्याला वाटते.

मी चौतीस वर्षे बँकेत होतो. मृत खातेदारांचे दावे माझ्याच टेबलावरून जात. मृत्यूचा दाखला, वारसांची संमतिपत्रे, ओळख पटवणारा साक्षीदार, आणि मग अखेरची शिल्लक व्याजासह. ती नोंद मी हजारदा पाहिली असेल आणि वारसाला देय रक्कम म्हणून तिच्यावर सही केली असेल. तिच्याकडे कोणी असेही पाहू शकते, हे मला वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, रद्दीत जाता जाता राहिलेल्या एका अंकाने सांगितले. माझे वडील गेले तेव्हा त्यांचे खाते मी पंधरा दिवसांत बंद केले होते. कागदपत्रे चोख होती. सौभाग्यवतींनी विचारले, “इतक्या उशिरा काय वाचताय?” मी अंक तिच्या हाती दिला.

आपल्या समाजाला हा विषय परका नसावा. आहार, औषध, शास्त्र आणि अभय या चार दानांत शास्त्रदान आपण लहानपणापासून ऐकतो. हस्तलिखित पोथीच्या शेवटी लेखनिकाच्या बरोबरीने ती लिहवून घेणाऱ्या श्रावक-श्राविकेचेही नाव असते. दहाव्या शतकातील चालुक्यांच्या राज्यात दानचिंतामणी अत्तिमब्बे होऊन गेली. पोन्न कवीच्या ‘शांतिपुराणा’च्या एक हजार प्रती ताडपत्रांवर लिहवून तिने त्या वाटल्या. मुद्रणयंत्र नसताना हजार प्रती, आणि आम्ही साडेचारशे छापताना धापा टाकतो. ही गोष्ट प्रवचनांतून वारंवार सांगितली जाते. त्यामानाने कमी सांगितली जाते ती दुसरी. रन्न हा तिच्या काळातला, तिच्यासमोर लिहिणारा कवी होता, आणि त्याच्या ‘अजितपुराणा’लाही तिचाच आश्रय होता. जुने ग्रंथ जपणे आणि समोर लिहीत बसलेल्या माणसाला सांभाळणे, ही दोन्ही कामे त्या बाईने केली. आपण पहिले काम मोठ्या निष्ठेने करतो. श्रुतपंचमीला शास्त्रांची पूजा मांडतो, वेष्टने बदलतो. दुसऱ्या कामाच्या बाबतीत आपला हात आखडता असतो. सोलापुरात शेठ हिराचंद नेमचंद यांनी एकोणिसाव्या शतकात ‘जैन बोधक’ सुरू केले, तेव्हा छापील मासिकाला वर्गणी पाठवणे ही आपल्या समाजात नवी सवय असणार. कोणी तरी पहिली पाठवली असेल. धर्मग्रंथाचे दान आणि औषधाच्या दुकानातील मुलाची कविता यांची तुलना काहींना खटकेल, हे मला मान्य आहे. मी दोन्हींना एका पाटावर बसवीत नाही. एवढेच म्हणतो की प्रत काढण्याचा खर्च दोन्हीकडे कोणास तरी करावा लागतो.

सरांना मी काय सांगितले? बँक अधिकारी म्हणून सल्ला स्पष्ट होता. थकबाकी सगळी वसूल झाली तरी एका वर्षाची तूट भरते, त्यापुढे काही नाही. आजीव सभासदांचे देणे कधीच फिटणार नाही. मासिक थांबवावे. हे मी त्यांना सांगितले, कारण त्यांनी तेच विचारले होते आणि त्यांच्या निवृत्तिवेतनावर वहिनींचाही हक्क आहे. तो खर्च यापुढे एक रुपयाही करायचा नाही, हे वचन मी त्यांच्याकडून वहिनींसमोर घेतले. वहिनींना तेव्हा सारे कळले. चहा आला, पण त्या दिवशी त्या बाहेर बसल्या नाहीत.

त्यानंतर माणूस म्हणून जे सुचले ते असे. आजीव सभासदांना एक पत्र पाठवायचे आणि ज्यांना शक्य आहे त्यांनी वार्षिक वर्गणी सुरू करावी, अशी विनंती करायची. प्रती ४५० वरून ३०० वर आणायच्या. पाने अठ्ठेचाळीस. गावातील अंक टपालाने न पाठवता मी आणि सरांचा एक माजी विद्यार्थी सायकलवरून पोचवणार. थकबाकीदारांना मी स्वतः फोन करणार, कारण वसुलीचा अनुभव सरांना नाही आणि मला आहे.

आजवर एकसष्ट फोन झाले. तेवीस जणांनी पैसे भरले. चौघांच्या घरच्यांनी सांगितले की ते आता नाहीत. त्यांपैकी एका मुलीने वडिलांची पाच वर्षांची थकबाकी भरली आणि अंक आता तिच्या नावाने पाठवावा, असे सांगितले. नऊ जण आपल्याच समाजातले होते. त्यांची नावे अर्थातच येथे देणार नाही, त्यांनी हा अंक वाचलेला असेल. आजीव सभासदांपैकी अडतीस जणांनी होकार कळवला आहे. श्रावणाचा अंक निघाला, अठ्ठेचाळीस पानांचा. पुढच्या अंकापुरते पैसे खात्यात आहेत, त्याच्या पुढच्यापुरते नाहीत.

माझे १८०० आणि चालू वर्षाचे ३०० मी पहिल्याच दिवशी दिले होते. सरांनी पावतीपुस्तक उघडले, कार्बन नीट बसवला आणि सावकाश पावती लिहिली. क्रमांक होता ४०७. ‘कशाबद्दल’ या रकान्यात ‘मागील बाकी’ लिहून ते क्षणभर थांबले आणि मला विचारले, “पत्ता तोच ना?”