‘बंद करा’ हे औषध नाही

हात दुखतो म्हणून तुम्ही डॉक्टरांकडे जाता. ते हात दाबून बघतात, एक्स-रे मागवतात, पाच दिवसांच्या गोळ्या लिहितात आणि सहज विचारतात, "घरी काय काम करता?" तुम्ही मोकळेपणाने सांगता की गोधडी शिवते, क्रोशाचे विणकाम करते, किंवा निवृत्तीनंतर बांबूच्या टोपल्या करायला शिकलो, त्यात वेळ छान जातो. लगेच उत्तर येते, "ते आधी बंद करा." सोबत आलेला मुलगा मान डोलावतो, कारण घरी तोही हेच सांगत असतो.

हा सल्ला बहुतेक वेळा चुकीचा असतो, असे माझे स्पष्ट मत आहे. माझ्या व्यवसायातल्या काही मंडळींना ते रुचणार नाही. पण ‘बंद करा’ म्हणायला अर्धे मिनिट लागते, आणि ‘हे कसे करता येईल ते बघू’ म्हणायला पंधरा मिनिटे. गर्दीच्या ओपीडीत कोणता सल्ला जिंकतो, हे वेगळे सांगायला नको.

नेमके काय बंद होते तेही बघा. अंगठ्याच्या मुळाशी झीज झालेली पन्नाशी-साठीची बाई आपल्या भागात घरोघरी आहे. तिला गोधडी बंद करायला सांगतात. चादरी पिळणे बंद करा, असे तिला कोणी सांगत नाही. पाण्याने भरलेला गुंड उचलणे, धानाची रोवणी आणि कापणी, उन्हाळ्यात तेंदूपत्त्याचे पुडे बांधणे, यातले काहीच बंद होत नाही, कारण ते बंद झाले तर घराचे अडते. जे ती फक्त स्वतःसाठी करते तेवढेच थांबते. दुपारचा तो एक तास, नातवासाठी जुन्या लुगड्यांचे थर लावून घातलेले टाके! हे घरच्यांना ‘उगाचचे काम’ वाटते, आणि डॉक्टर न कळत त्यावर शिक्का मारतात.

आता शरीरशास्त्राच्या बाजूने बघू. चिमटीत वस्तू धरताना टोकाला जेवढा जोर लागतो, त्याच्या सुमारे १२ पट जोर अंगठ्याच्या मुळाच्या सांध्यावर येतो. म्हणजे सुई अगदी निर्दोष आहे असे नाही. पण ओली चादर पिळताना मूठ किती आवळावी लागते आणि मनगट किती मुरडावे लागते, ते एकदा करून बघा, मग सुई आणि चादर यांची तुलना करा. सांध्यावरचा भार कमी करायचाच असेल तर पहिला नंबर चादरीचा लागतो. चादर पिळायला घरात दोन तरणेताठे हात असतात. त्यांनी पिळावी.

मग दुखते तरी का, आणि दुखत असताना काम केले तर नुकसान होत नाही का? इथे दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. ताजी इजा, म्हणजे काल पडलात, आज मनगट सुजले. तिथे दुखणे हा खरा इशारा असतो आणि तो ऐकायचा असतो. पण दुखणे तीन महिन्यांच्या पुढे गेले की त्याचा स्वभाव बदलू लागतो. आपल्याकडे शेतात जागलीला बसणारा माणूस आठवा. रानडुकरांनी एकदा धान तुडवले की पुढे महिनाभर नुसते पान हलले तरी तो ओरडत उठतो. ओरडा खरा असतो, डुक्कर दर वेळी असतेच असे नाही. जुन्या दुखण्यात मज्जासंस्थेचे असेच होते. दुखणे खोटे नसते, मनाचे खेळ तर मुळीच नसतात. पण तेवढ्या प्रमाणात सांध्याला नवी इजा होत असते, असेही नाही.

अशा वेळी संपूर्ण विश्रांतीने काय होते? स्नायू बारीक होतात, सांधा आखडतो, आणि जागल्या आणखी घाबरट होतो. पाठदुखीपुरते तर हे मोजून दाखवलेले आहे. फिनलंडमध्ये हेलसिंकी महापालिकेच्या १८६ कर्मचाऱ्यांवर झालेला एक अभ्यास १९९५ साली प्रसिद्ध झाला. अचानक पाठ धरलेल्यांचे तीन गट केले. एकाला दोन दिवस अंथरुणावर विश्रांती, दुसऱ्याला पाठीचे व्यायाम, आणि तिसऱ्याला एवढेच सांगितले की झेपेल तितकी रोजची कामे चालू ठेवा. सगळ्यांत लवकर सावरला तो तिसरा गट. याला तीस वर्षे झाली, तरी आपल्या चिठ्ठ्यांवर ‘पूर्ण विश्रांती’ अजून लिहिली जाते.

जागल्याच नसेल तर काय होते, हे पाहायला आपल्याला दूर जावे लागत नाही. कुष्ठरोगाचा जंतू मज्जातंतूंवर हल्ला करतो आणि हातापायांची संवेदना जाते. चटका कळत नाही, काप कळत नाही. रोगामुळे बोटे आपोआप झडतात, असा पूर्वी समज होता. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये १९४६ पासून काम करणारे शल्यचिकित्सक डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले की बोटांची बरीचशी हानी न कळलेल्या लहानलहान जखमांमुळे होते. गरम भांडे, किंवा गरजेपेक्षा घट्ट आवळलेली हत्याराची मूठ. यावर ‘काम बंद’ हा अगदी सोपा निष्कर्ष होता. त्यांनी तो काढला नाही. बऱ्या झालेल्या रुग्णांसाठी सुतारकामाची कार्यशाळा काढली, हत्यारांच्या मुठी बदलल्या आणि हात रोज तपासायची सवय लावली.

आणि आपल्या वरोऱ्याजवळचे आनंदवन! बाबा आमटे यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन केली. आनंदवनात गेलेल्यांनी तिथले हातमाग आणि सुतारकाम पाहिलेच असेल. ज्या हातांकडे जग पाठ फिरवून उभे होते, त्याच हातांत तिथे काम दिले गेले.

पण आनंदवनाचे नाव काढले की लोक एक वाईट गोष्ट करतात. "बघा, त्यांना बोटे नाहीत तरी ते विणतात, आणि तुम्ही एवढ्याशा दुखण्याला…" असे म्हणून दुखणाऱ्याला लाजवतात. कृपया असे करू नका. संवेदना गेलेला हात आणि रात्री झोप मोडणारा हात यांची स्पर्धा लावता येत नाही. खुद्द बाबांना मणक्यांच्या आजारामुळे बसता येत नसे. उभे राहायचे किंवा आडवे व्हायचे, एवढेच. म्हणून ते दात-ओठ खाऊन बसले नाहीत. १९८५ च्या अखेरीस कन्याकुमारीहून निघालेल्या ‘भारत जोडो’ यात्रेत त्यांनी गाडीत आडवे पडून प्रवास केला. काम ठेवले आणि बसणे सोडले. मला त्यांच्या जिद्दीपेक्षा ही तडजोड जास्त शिकण्यासारखी वाटते.

तुमच्या हाताची तडजोड अशी. आधी घड्याळ लावून बघा, किती मिनिटांनी दुखणे वाढायला लागते. चाळीस मिनिटांनी वाढत असेल तर वीस-पंचवीस मिनिटांवर उठायचे. दुखायला लागल्यावर उठण्यात अर्थ नाही, त्याआधी उठायचे. बरे वाटणाऱ्या दिवशीही तेवढ्यावरच थांबायचे. हे सर्वांत अवघड असते, कारण बरे वाटले की माणूस तीन दिवसांचे काम एका दिवशी काढतो आणि चौथ्या दिवशी माझ्याकडे येतो. काम करताना थोडे दुखले आणि दुसऱ्या सकाळपर्यंत नेहमीच्या पातळीवर आले, तर काळजी नको. सकाळी नेहमीपेक्षा जास्त दुखत असेल तर वेळ एक तृतीयांशाने कमी करा. दर आठवड्याला दोन-चार मिनिटे वाढवत न्या.

मग हत्यार. बारीक मुठीला जास्त आवळावे लागते. क्रोशाच्या सुईला किंवा सुरीच्या मुठीला सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळा, मूठ जाड होईल आणि निसटणार नाही. कात्री आणि सुरीला धार हवी. बोथट पात्याची कसर अंगठा भरून काढतो. बांबूचे काम करत असाल तर बांबू फोडणे आणि कामट्या काढणे हे जड काम दुसऱ्याकडे द्या, विणणे तुम्ही करा. कामट्या भिजवून मऊ करून घ्या. चिचपल्लीच्या बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्रात शिकून आलेली तरुण मुले-मुली आता गावोगावी दिसतात, अशांशी जोडी जमली तर उत्तमच. जमिनीवर वाकून बसण्यापेक्षा खुर्ची-टेबल घ्या, कोपराला आधार असू द्या. अंगठ्याच्या झिजेत कामाच्या वेळेपुरता आधारपट्टा पुष्कळांना उपयोगी पडतो.

मनगट मोडून प्लास्टर असेल तर बोटे, कोपर आणि खांदा पहिल्या दिवसापासून हलवत राहा, मोडलेल्या ठिकाणी ताण येणार नाही इतपत. प्लास्टर निघाल्यावर आखडलेला हात कोमट पाण्यात धरून मोकळा करा आणि मऊ, पातळ पट्ट्या विणण्यापासून सुरुवात करा. रबरी चेंडू दाबण्याचा कंटाळा आठवडाभरात येतो. टोपलीचा येत नाही.

हे मी मनाने सांगत नाही. हाताला पुन्हा कामाला लावणे ही वैद्यकाची स्वतंत्र शाखा आहे, व्यवसायोपचार, आणि तिच्या सुरुवातीच्या काळात विणकाम आणि सुतारकाम हीच उपचाराची साधने होती. जन्माने अमेरिकन आणि लग्नाने मराठी झालेल्या कमलाबाई निंबकरांनी १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात या विषयाची शाळा सुरू केली. म्हणजे महाराष्ट्रात हे पाऊण शतकापासून शिकवले जात आहे. तरीही मोहफुले वेचायला गेलेल्या माणसाचा हात अस्वलाने फाडला, तर टाके पडतात, वनखात्याच्या नुकसानभरपाईचे कागद फिरतात, आणि त्या हाताने पूर्वी काय घडत होते हे विचारायला कोणी नसते. जखम भरली की त्याला सुट्टी! पुढे हात आखडतो तो आखडतोच. नागपूरला गेलात तर डॉक्टरांकडे व्यवसायोपचारासाठी चिठ्ठी मागा. ती मागण्याचा तुम्हाला हक्क आहे.

थांबायचे कधी, हेही सांगायला हवे. रात्री बोटांना मुंग्या येऊन जाग येते, अंगठ्याखालचा मांसल भाग बारीक होतो आहे, हातातून वस्तू पडतात. सांधा लाल, गरम आणि सोबत ताप आहे. सकाळी तासाभराहून जास्त वेळ दोन्ही हातांचे लहान सांधे आखडलेले आणि सुजलेले असतात. प्लास्टरमधला किंवा प्लास्टर निघालेला हात कमालीचा सुजून जळजळतो, त्वचेचा रंग बदलतो. पाठदुखीबरोबर पायातली शक्ती जाते किंवा लघवीवर ताबा राहत नाही. यात घरचे उपाय करत बसू नका. शेवटच्या लक्षणात तर त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठा. हातावर बधिर, फिकट किंवा लालसर चट्टा असेल तर तोही दाखवा. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत कुष्ठरोगाचे नवे रुग्ण आजही सापडतात, आणि औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते.

‘बंद करा’चे एक भावंडही आहे, त्याबद्दल मला अधिक चीड आहे. त्याचे नाव ‘दोन दिवसांत आराम’. बाजारात जडीबुटी म्हणून भुकटीच्या पुड्या मिळतात. त्यांतल्या काहींत स्टेरॉइड मिसळलेले असते. दुखणे जादूसारखे जाते, भूक वाढते, आणि पुढे चेहरा गोल होतो, साखर व रक्तदाब वाढतो, हाडे ठिसूळ होतात. शिवणे बंद झालेली बाई शेवटी याच पुडीकडे जाते, कारण धान कापणे तर बंद झालेले नसते. कित्येक आठवडे अशी पुडी घेत असाल तर ती मात्र एकदम सोडू नका. शरीराचे स्वतःचे स्टेरॉइड तोवर मंदावलेले असते आणि अचानक सोडल्यास जिवावर बेतू शकते. जवळच्या डॉक्टरांकडे जा, आणि जाताना ती पुडी सोबत न्या.