मेंदूचा ताळेबंद आणि रोजमेळ



ताळेबंद आणि रोजमेळ यांतील भेद व्यापाऱ्यास सांगावा लागत नाही. ताळेबंद एका दिवसाची स्थिती दाखवतो. व्यवहार कसा चालतो, हे रोजमेळात कळते. अपस्मार, म्हणजे बोलीतील मिरगी, हिच्या तपासणीतही असाच भेद आहे. साधा एमआरआय मेंदूची रचना दाखवतो: व्रण, गाठ, जुनी इजा. परंतु काही रुग्णांची रचना निर्दोष दिसते आणि झटके मात्र थांबत नाहीत. अशा वेळी मेंदूचे कार्य दाखवणाऱ्या तपासण्या उपयोगी पडतात.

पेट तपासणीत किरणोत्सारी खूण लावलेली शर्करा शिरेतून देतात. झटका नसताना रोगट भाग बहुधा कमी शर्करा वापरतो, म्हणून तो चित्रात मंद दिसतो. स्पेक्टमध्ये याच्या उलट घडते: झटका सुरू होताच इंजेक्शन दिले, तर रक्तप्रवाह वाढलेला भाग उजळ उमटतो. फंक्शनल एमआरआय रक्तातील प्राणवायूच्या बदलावरून वाचा व हालचालींची केंद्रे दाखवतो. शस्त्रक्रियेत ती जपावी लागतात.

या तपासण्या सर्वांसाठी नव्हेत. सुमारे दोन तृतीयांश रुग्णांचे झटके औषधांनीच आटोक्यात येतात. योग्य अशी दोन औषधे पुरेशा मात्रेत घेऊनही झटके थांबले नाहीत, तर मात्र शस्त्रक्रियेचा विचार करण्यास विलंब लावू नये. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत असा उपक्रम १९९५ पासून चालू आहे.

नवेगाव बांधसारख्या गावातील कुटुंबास याकरिता नागपूर किंवा त्याहून दूरचे शहर गाठावे लागते. तथापि अंतराहून मोठा अडसर लपवाछपवीचा आहे. विवाह जुळावा म्हणून मुलीचा आजार दडवला जातो. मग सासरी गोळ्या चोरून घ्याव्या लागतात आणि एक दिवस त्या सुटतात. हिंदू विवाह कायदा जैनांनाही लागू आहे. त्यातील विवाहाच्या अटींमधून अपस्माराचा उल्लेख १९९९ च्या दुरुस्तीने वगळण्यात आला. कायद्याने उतरवलेले ओझे समाजाने का वाहावे?

पर्युषणातही गोळी चुकवू नये. औषध एकाएकी थांबल्यास जिवावर बेतणारा दीर्घ झटका येऊ शकतो. उपवासाचा संकल्प करण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा आणि आपली प्रकृती गुरुमहाराजांसही सांगावी.

कितीही महागडी तपासणी असली, तरी पहिली नोंद घरच्यांनीच करावयाची असते. झटका कोणत्या अवयवापासून सुरू झाला, किती मिनिटे टिकला, हे लिहून ठेवावे. जमल्यास मोबाइलवर चित्रण करावे. रुग्णास कुशीवर वळवावे, तोंडात काही घालू नये, चप्पल हुंगवू नये. पाच मिनिटांत झटका न थांबल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे. दुकानाची वही आपण नित्य नेमाने लिहितो. घरात असा रुग्ण असेल, तर त्याचीही एक वही आजच उघडावी आणि ती डॉक्टरांपुढे निःसंकोच ठेवावी.